नवटाक
आजीचा सगळा हिशेब शेरात. शेराचा चौथा हिस्सा पावशेर, आठवा नवटाक. 1956 च्या कायद्यानं पुढं किलो-लिटर आले, दुकानातली जुनी मापं मोडीत निघाली. पण 1949 च्या दारूबंदी कायद्याला न जुमानणाऱ्या हातभट्टीच्या गुत्त्यावर नवटाक टिकली. 'नवटाक मारली' म्हटलं की दारू, हे सगळ्यांना कळायचं.

एकदा दुकानात मी म्हणालो, "नवटाक त्याल द्या." बाकड्यावरची माणसं खदखदून हसली. "आत्तापासनंच व्हय रं?"

घरी येऊन सांगितलं. आजी म्हणाली, "ह्याच मापानं जल्मभर तुमास्नी खाऊ घातलं की रं!"

त्या दिवसापासून ती 'जरासं त्याल' म्हणायची. नवटाक तिनं पुन्हा तोंडातनं काढली नाही.