सोंगांचे पोटवर्ग

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या खेळाच्या २०२४ साली निघालेल्या नव्या नियमग्रंथात पात्रांचे बारा वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गाचे चार, असे एकूण ४८ पोटवर्ग. हा खेळ पटावर जिंकण्या-हरण्याचा नव्हे. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग मांडतो, बाकीचे आपापले पात्र वठवतात, आणि वार लागला की हुकला हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. वर्ग म्हणजे पात्राचा पेशा: योद्धा, मांत्रिक, पुरोहित, चोर. पोटवर्ग म्हणजे त्या पेशातले घराणे म्हणा ना. ह्या कल्पनेला ‘पोटजात’ हा आयता शब्द मराठीत आहे. तो मुद्दामच टाळला आहे. सोंग माणसाने निवडायचे की जन्माने त्याच्या वाट्याला यायचे, हाच तर प्रश्न आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा वर्ग तीनच होते. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणीत योद्ध्याचा एक पोटवर्ग आला, ‘पॅलडिन’, म्हणजे व्रतस्थ वीर. १९७८च्या नियमग्रंथाने पोटवर्गांची रीतसर मांडणी केली, पण कुळाच्या अटींसह. पॅलडिन व्हायचे तर पात्र मनुष्यच हवे. बुटक्याला मांत्रिक होण्याची मुभाच नव्हती. १९८१च्या सोप्या आवृत्तीत तर ‘एल्फ’ आणि ‘बुटका’ हेच वर्ग होते. जन्म हाच पेशा! असली व्यवस्था समजून घ्यायला मराठी वाचकाला फारसे सायास पडू नयेत.

जालना जिल्हा १९८१ साली मुख्यतः औरंगाबादेतून वेगळा निघाला. त्याची दक्षिण सीमा गोदावरी. ह्या टापूत लग्नानंतर गोंधळ घालण्याची चाल आहे. गोंधळ्यांचे दोन भेद सांगतात: तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. संबळ तेच, पोत तोच. आराध्य बदलले की शाखा बदलली. वर सांगितलेल्या खेळातही पुरोहिताचे पोटवर्ग त्याच्या दैवताच्या अधिकारक्षेत्रानुसारच पडतात. फरक एवढाच की कदमराईच्या पोटी जन्मलेला कदमराईच. वासुदेव, पिंगळा, कुडमुडे जोशी, भुत्या ह्यांचेही तसेच. प्रत्येकाची वेळ, वेश, वाद्य आणि दान मागण्याची रीत ठरलेली, आणि ती बापाकडून मुलाकडे जाणारी.

अंबड तालुक्याला लागूनच, वरच्या अंगाला, पैठण आहे. सोळाव्या शतकात तेथे एकनाथांनी ह्या सर्वांना भारुडात आणले. नाथांची भारुडे सुमारे तीनशे मानली जातात. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी, गारुडी, आंधळा, मुका, बहिरा आहे. भवानीला रोडगा कबूल करून सासरच्या माणसांचा एकेक करून निकाल लावू पाहणारी सून आहे. आणि ‘जोहार’ घालणारा गावकामगार महार आहे. पैठणचा ब्राह्मण महाराच्या तोंडून, प्रथमपुरुषी, बोलतो आहे. ह्या एका गोष्टीचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच.

शिवाय नाथ नुसता वेश उसना घेत नाहीत. त्या पेशाचे कामच अर्थाला जुंपतात. जोशी भविष्य सांगतो, ते जिवाचे. महार गावाचा हिशेब देतो. गाव म्हणजे देह. कामच बदलले की अध्यात्मही वेगळ्या वाटेने येते, म्हणून एक सोंग दुसऱ्याच्या जागी चालत नाही. सोंगी भारुडात तर अंगावर कपडा चढवील त्याचे ते सोंग. जन्माची अट गळून पडते, निदान कीर्तन चालू असेपर्यंत. सकाळी वेस होती तिथेच असे, हेही विसरता कामा नये.

खेळातली कुळाची अट २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. मग निवडी भराभर वाढल्या. २०२४मध्ये ‘वंश’ हा शब्दही काढून त्या जागी ‘प्रजाती’ आला आणि सर्वच वर्गांना पोटवर्ग तिसऱ्या पायरीवर, खेळाडूच्या मर्जीने, मिळू लागला. हे चांगलेच झाले. तरी नव्या पोटवर्गांची यादी चाळताना त्यातले बरेचसे मला रिकामे वाटतात. अधिकची एखादी शक्ती, फाशावर चार आकडे जास्त, संपले. १९७५चा पॅलडिन व्रत मोडताच आपले सामर्थ्य गमावून बसे. २०१४पासून त्याचे पोटवर्ग निरनिराळ्या शपथांवर बेतलेले आहेत, आणि प्रत्येक शपथेची आपली कलमे आहेत. ह्या पोटवर्गात काहीतरी पाळावे लागते. म्हणून त्याचा खेळाडू बोलू लागला की सूत्रधारालाही प्रसंग वळवावा लागतो. मांत्रिकाच्या अनेक पोटवर्गांना, निव्वळ कोणत्या विद्येत प्रावीण्य एवढाच भेद असल्याने, हे साधत नाही. पुरोहिताला थोडेबहुत साधते; दैवताचे काही ना काही त्याला जपावेच लागते, जसे रेणुराईला माहूर.