उपग्रहाच्या संदेशावरून स्वतः वेळ लावणारे घड्याळ

लखनौच्या जानकीपुरम भागात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) ‘इस्ट्रॅक’ या उपग्रह-संपर्क जाळ्याचे भूकेंद्र आहे. ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीची वेळ राखण्याच्या कामात बंगळूरजवळील ब्यालालू केंद्राबरोबर लखनौचाही वाटा आहे. ही वेळ उपग्रहांमार्फत रेडिओ लहरींवरून प्रसारित होते. योग्य ग्राहक यंत्र जोडल्यास भिंतीवरचे साधे घड्याळही तिच्या आधारे आपोआप लावता येते.

उपग्रहच का?

जर्मनीतील ‘डीसीएफ 77’ हे केंद्र 77.5 किलोहर्ट्झवर दर सेकंदाला एक बिट पाठवते. 0.1 सेकंदाची खूण म्हणजे 0 आणि 0.2 सेकंदाची म्हणजे 1. युरोपातील स्वयंचलित घड्याळे याच खुणा वाचतात. भारतात असे दीर्घलहरी केंद्र नाही आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे लघुलहरींवरील ‘एटीए’ प्रसारणही बंद झाले आहे. त्यामुळे येथे उपग्रहाचा संदेश अधिक सोयीचा ठरतो.

संदेशातील वेळ

उपग्रह तास-मिनिटे पाठवत नाही. ‘नाविक’च्या संदेशाचा प्रत्येक भाग 12 सेकंदांचा असून त्यात आठवडा सुरू झाल्यापासूनची मोजणी 17 बिटांत असते. आठवड्याच्या क्रमांकासाठी 10 बिट असल्याने 1024 आठवड्यांनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. ही गणना 22 ऑगस्ट 1999 पासून सुरू होते. तीत लीप सेकंद धरले जात नाहीत. त्यामुळे जानेवारी 2017 पासून ‘नाविक’ वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. हा फरक वजा करून 5 तास 30 मिनिटे मिळवली की भारतीय प्रमाणवेळ मिळते.

मायक्रोकंट्रोलरचे काम

लीप सेकंदांपर्यंतचा हिशेब ग्राहक यंत्रच करते आणि दर सेकंदाला मजकुराची ओळ व एक विद्युत स्पंद देते. ओळ पूर्ण पोहोचेपर्यंत सेकंदाचा काही भाग सरलेला असतो, तर स्पंद अचूक असला तरी तो कोणत्या सेकंदाचा हे सांगत नाही. मायक्रोकंट्रोलर या दोहोंचा मेळ घालून, साडेपाच तास मिळवून घड्याळ लावतो. मध्यरात्रीच्या सुमारास तारीख बदलण्याची दक्षताही त्यालाच घ्यावी लागते.

चूक कशी टाळावी?

चुकीची वेळ स्वीकारण्यापेक्षा जुनी वेळ चालू ठेवणे हिताचे असते. म्हणून ओळीतील पडताळणी-अंक जुळला, ग्राहकाने वेळ वैध असल्याचे कळवले आणि लागोपाठच्या ओळींत नेमका एका सेकंदाचा फरक आढळला, तरच घड्याळ बदलावे. लीप सेकंदांची माहिती मिळेपर्यंत नुकतेच सुरू केलेले यंत्र काही सेकंद चुकू शकते. घरात संदेश क्षीण होत असल्याने अँटेना खिडकीजवळ ठेवावी. संदेश तुटल्यास क्वार्ट्झ स्फटिक वेळ सांभाळतो. दशलक्षात 20 इतकी त्याची चूक धरल्यास दिवसाला सुमारे 1.7 सेकंदांचा फरक पडतो.

वीजजाळे, दूरसंचार व बँक व्यवहार यांनाही अचूक वेळ लागते. त्यामुळे स्वदेशी वेळेचे महत्त्व मोठे आहे. ‘नाविक’च्या आधीच्या काही उपग्रहांवरील आयात अणुघड्याळे निकामी झाली होती. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या ‘एनव्हीएस-01’ या उपग्रहावर प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम अणुघड्याळ बसवण्यात आले.