सात टेकड्यांवरची बाई

इसवी सन ७१मध्ये रोमच्या टाकसाळीतून एक जाडजूड पितळी नाणं बाहेर पडलं. त्याचं नाव सेस्टर्शियस. वजन २५ ग्रॅमच्या आसपास, तळहातावर ठेवलं तर चांगलं जाणवावं इतकं. एका बाजूला सम्राट व्हेस्पेशियनचा थोराड, टक्कल पडलेला चेहरा. दुसऱ्या बाजूला रोमा देवी, म्हणजे खुद्द रोम शहर बाईच्या रूपात. डोक्यावर शिरस्त्राण, हातात आखूड तलवार, आणि बैठक कशावर, तर एकमेकींवर रचलेल्या सात टेकड्यांवर. एका अंगाला टायबर नदीचा देव पहुडलाय, दुसरीकडे लांडगीण दोन बाळांना पाजतेय. हे नाणं फार दुर्मिळ. निवृत्त बँक कारकुनाला ते परवडायचं नाही, म्हणून मी त्याचा मोठा केलेला फोटो टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलाय.

आता बायबलचं शेवटचं पुस्तक उघडा, प्रकटीकरण, अध्याय सतरावा. तिथेही एक बाई आहे. जांभळी-किरमिजी वस्त्रं, सोन्यामोत्यांनी मढलेली, हातात सोन्याचा प्याला, आणि ती रक्त पिऊन झिंगलेली. बसलीय सात डोक्यांच्या श्वापदावर. ही सात डोकी म्हणजे सात डोंगर, हे लिहिणारा योहान स्वतःच सांगून टाकतो. कपाळावरचं नाव मात्र बाबेल. त्या नावाचा रोख यहुदी वाचकाला सांगावा लागत नव्हता. यरुशलेमचं पहिलं मंदिर बाबेलने पाडलं, दुसरं रोमने, इसवी सन ७०मध्ये. म्हणजे या नाण्याच्या आदल्याच वर्षी. मंदिर पडल्याच्या आनंदात व्हेस्पेशियनने आणखी नाणी पाडली, त्यांवर खजुराच्या झाडाखाली रडत बसलेली यहुदिया आहे. विजेत्याची बाई टेकड्यांवर, हरलेल्यांची जमिनीवर.

योहानाने नेमकं हेच नाणं पाहिलं होतं, असं मी म्हणत नाही. तो होता पात्म बेटावर आणि त्याचे वाचक आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या सात शहरांत. तिकडे किरकोळ व्यवहाराला शहरांची स्वतःची तांब्या-पितळेची नाणी चालत. पण टेकड्यांवरची ऐटबाज रोमा ही सरकारी प्रतिमा होती, आणि सरकारी प्रतिमा फिरवायला त्या काळी नाण्यापेक्षा चांगलं साधन नव्हतं. योहान ती उचलतो आणि तिचे कपडे बदलतो.

आमच्या वसईत लहानपणी प्रकटीकरण म्हटलं की पोटात गोळा यायचा. घोडे, कर्णे, टोळ, गंधकाचं तळं. पुढे वाचनात आलं, की प्रत्येक पिढीने त्या श्वापदाला आपापल्या वैऱ्याचा चेहरा बसवलाय. १५२२च्या लूथरच्या जर्मन नव्या करारातल्या लाकडी ठशाच्या चित्रात बाबेलच्या बाईच्या डोक्यावर चक्क पोपचा तिहेरी मुकुट आहे. गदारोळ झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या आवृत्तीत तो मुकुट छाटला गेला. आपल्याकडे मिझोराममध्ये काही ख्रिस्ती कुटुंबांनी आधार क्रमांकाला विरोध केला, तोही त्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याच्या धास्तीने. मला हसू येत नाही, पण पटतही नाही. हे पुस्तक पहिल्यांदा ज्यांना मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, त्यांच्या कनवटीला काय होतं, ते आधी बघावं.

उदाहरणार्थ, सम्राट डोमिशियनचं नाणं. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस सांगतो, की योहानाचं दर्शन डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीचं, म्हणजे ९५-९६च्या सुमाराचं. काही अभ्यासक ते सम्राट नीरोच्या मरणाच्या आसपास मागे नेतात. मी आयरेनियसच्या बाजूचा. या डोमिशियनचा मुलगा तान्हेपणीच गेला. बापाने त्याला देव ठरवून सोन्या-चांदीची नाणी पाडली. त्यांवर ते बाळ पृथ्वीच्या गोलावर हात पसरून बसलंय आणि भोवती सात तारे. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात सात तारे आहेत, पण ते ख्रिस्ताच्या उजव्या मुठीत.

सगळ्यात झोंबणारं चित्र मला काळ्या घोड्याचं वाटतं. स्वाराच्या हातात तराजू, आणि आकाशातून चक्क बाजारभाव पुकारला जातो: एका दिनाराला एक माप गहू किंवा तीन मापं जव, आणि तेल-द्राक्षारसाला हात लावू नका. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. ते माप साधारण लिटरभर, एका माणसाच्या दिवसाच्या पोटापुरतं. म्हणजे दिवसभर राबायचं आणि एकट्याने जेवायचं, बायको-पोरांसाठी जव. हा भाव खरा किती चढा? त्याच तुर्कस्तानच्या आतल्या भागात, पिसिदियातल्या अंत्युखियात, ९२-९३च्या सुमाराचा शिलालेख सापडलाय. कडक हिवाळ्याने धान्य महागलं तेव्हा तिथल्या रोमन सुभेदाराने साठेबाजांना दम भरून कमाल भाव ठरवून दिला: एका मोडियसला एक दिनार. मोडियस म्हणजे ती आठ मापं. टंचाईतल्या कमाल भावाच्याही आठपट भाव योहान लावतोय.

आणि तेल-द्राक्षारस का वगळले? त्याच सुमारास डोमिशियनने फर्मान काढलं होतं, प्रांतांतले निम्मे द्राक्षमळे तोडा. धान्य कमी पडतंय आणि जमिनी मात्र द्राक्षांखाली, हे सरकारलाही दिसत होतं. फर्मान शेवटपर्यंत अंमलात आलं नाही. मळे बड्यांचे होते.

६६६चं गणित त्यामानाने सोपं. ग्रीक आणि हिब्रू लोक अक्षरांनाच आकडे म्हणून वापरत, त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज निघे. पॉम्पेई ७९मध्ये राखेखाली गेलं, तिथल्या भिंतीवर एका प्रेमवीराने आपल्या आवडत्या पोरीचं नाव न लिहिता फक्त ५४५ लिहून ठेवलंय. ‘नेरोन कैसर’, म्हणजे सम्राट नीरो, हे हिब्रू अक्षरांत मांडा: ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. बेरीज ६६६. लॅटिनच्या वळणाने शेवटचा ‘न’ गाळला तर ५० वजा, राहिले ६१६. आणि इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकसच्या उकिरड्यात सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका जुन्या तुकड्यावर खरोखरच ६१६ आहे. या आकड्याची खूण नसेल तर खरेदी-विक्री बंद, असं योहान म्हणतो. सम्राटाच्या तोंडवळ्याचं नाणं हातात न घेता तेव्हा काय विकत मिळत होतं?

अठराव्या अध्यायात बाबेल जळते आणि किनाऱ्यावर व्यापारी रडतात, आमचा माल आता घेणार कोण म्हणून. पुढे त्या मालाची यादीच येते, २८ जिन्नस. सोनं, चांदी, रत्नं, मोती, तलम कापड, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप. हे दर्शन आहे की जकात नाक्यावरचं रजिस्टर, असा प्रश्न पडावा. यातला बराचसा ऐवज आमच्या बाजूने गेलेला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं आहेत. पैठणहून गोमेद आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला जाई, असंही आहे. रोमन साम्राज्याचे दहा कोटी सेस्टर्शियस दरसाल भारत, चीन आणि अरबस्तान घेऊन जातात, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती. गंमत म्हणजे योहानाच्या यादीत मिरी नाही. डोमिशियनने रोममध्ये मिरीसाठी खास कोठारं बांधली, तरी नाही. नालासोपाऱ्याच्या स्तूपावरून जाताना मला त्या यादीची आठवण होते. तिकडे रडणाऱ्यांची काही देणी इकडेही थकली असणार.

यादीचा क्रम मुद्दाम लावलेला आहे. सोन्यापासून सुरू होते, मग लाकूड, धातू, मसाले, धान्य, गुरं, घोडे, गाड्या, आणि सगळ्यात शेवटी माणसांची शरीरं, माणसांचे जीव. म्हणजे गुलाम. इफिसमध्ये गुलामांच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी रोमन सुभेदाराच्या गौरवार्थ शिलालेख कोरवला होता. थुवतीरात जांभळ्या कापडाचा धंदा जोरात. तिथलीच, तेच कापड विकणारी लुदिया बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात भेटते. लावदिकीया ६०च्या भूकंपात कोसळलं, तेव्हा रोमकडून एक पैसा न घेता ते पुन्हा उभं राहिलं, इतका तिथे पैसा होता. इफिस, थुवतीरा, लावदिकीया, तिन्ही नावं योहानाने ज्यांना पत्रं धाडली त्या सात मंडळ्यांतली. त्यातल्या लावदिकीयाला तो सरळ सुनावतो, की तुम्ही स्वतःला श्रीमंत म्हणवता, पण आहात कंगाल. पुस्तक वाचून दाखवलं जाई ते याच लोकांपुढे. बाबेलच्या राखेवर रडणाऱ्या व्यापाऱ्यांची ओळ आली, तेव्हा त्या बैठकीत कापडवाले होते, सोनार होते, आणि बंदरावर ज्यांचा माल लागलेला होता असेही कोणी असणारच.