स्तनकर्करोगाची कारणमीमांसा : दुधातील घटकापासून कायनेजापर्यंत

स्तनकर्करोगाचे कारण शरीराबाहेर शोधावे की पेशीच्या आत, या वादाचा इतिहास मराठी अभ्यासकास परका नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या स्तनार्बुदांचा दीर्घकाळ अभ्यास केला. मादी उंदराच्या दुधातून पिलांकडे जाणारा रोगकारक घटक जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवून दिला होता. तो विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. स्त्रियांच्या रोगास असा विषाणू कारण होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. रणदिवे यांनी विषाणूबरोबरच आनुवंशिकता व संप्रेरके यांचाही विचार केला, हे त्यांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य होय.

दरम्यान एक निराळी परंपरा आकार घेत होती. स्नायूतील एका एंझाइमास फॉस्फेटगट जोडला गेला की ते क्रियाशील होते, असे एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास दाखविले. प्रथिनांना फॉस्फेटगट जोडणारी एंझाइमे म्हणजेच प्रोटीन कायनेजे. पेशीच्या पृष्ठभागावर आलेला वाढीचा संकेत त्यांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत पोचतो. निरोगी पेशीत काम झाले की फॉस्फेटगट काढले जातात व संकेत थांबतो. डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १९८७ साली १८९ स्तनार्बुदे तपासली, तेव्हा सुमारे ३० टक्क्यांत ‘हर-२’ या पृष्ठभागावरील कायनेजाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या. अशा पेशीत बाहेरून संकेत न येताही वाढीचा आदेश चालू राहतो. ‘हर-२’ला अडविणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत संमत झाले.

या इतिहासाचा पुढील दुवा पुन्हा पुण्यातच सापडतो. स्वारगेटच्या वायव्येस, गणेशखिंडीतील विद्यापीठ-परिसरात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन ‘बीआरके’ या कायनेजाच्या द्वारा रक्तवाहिन्यांची वाढ करणाऱ्या घटकाची निर्मिती वाढविते, असे तेथील गोपाल कुंडू व सहकाऱ्यांनी २००८ साली दाखविले. हे प्रथिन अर्बुदपेशींतून येते, तसेच भोवतालच्या ऊतींतूनही येते. म्हणजे आत की बाहेर, हा मूळ प्रश्नच अपुरा होता.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. ज्या अर्बुदात ‘हर-२’ वाढलेले नसते, तेथे ट्रॅस्टुझुमॅबचा लाभ दिसत नाही. रोगाचे नाव एक असले तरी त्यामागील संकेत भिन्न असतात. तो संकेत ओळखण्यावरच रुग्णेचे उपचार अवलंबून राहतात. अनेक कारणांचा एकत्र विचार करण्याची रणदिवे यांची दृष्टी म्हणूनच आजही ग्राह्य ठरते.