गोड्या पाण्याची टाकी खारी करताना

गोल्डफिशची काचेची टाकी निमो माशालाही चालते, पाणी मात्र नव्यानं तयार करावं लागतं. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, तेही सागरी अ‍ॅक्वेरियमचंच. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं नसतं. ते बादलीत विरघळवून मगच ओता. घाण पचवणारे जुने जिवाणू खाऱ्यात बहुतेक टिकत नाहीत, म्हणून मासे आणण्याआधी 4 ते 6 आठवडे थांबायचं, दुकानदार काहीही म्हणो. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. घटलेलं पाणी क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यानंच भरा, नाहीतर खारटपणा चढत जातो. आणि जुन्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर तिथली वाळू, दगड फेकून द्या. त्यात मुरलेलं तांबं कोळंबी-गोगलगायींचा जीव घेतं.