करमणुकीचं शहर आणि सरकत जाणारी वेस

मुंबईला मायानगरी म्हणतात. पण या मायानगरीची सगळी मोठी ठिकाणं ज्या त्या काळी शहराच्या वेशीवर उभी राहिली, हे फारसं कुणी सांगत नाही. जिथं जागा स्वस्त, तिथं थिएटर, तिथं स्टुडिओ. मग शहर वाढतं, जागेला सोन्याचा भाव येतो आणि करमणूक आणखी पुढं ढकलली जाते. गेल्या महिन्यात आम्ही चार मित्र एक दिवस खास मुंबई बघायला गेलो. दक्षिणेकडून उत्तरेकडं जाता जाता हे इतकं स्पष्ट दिसलं, की लिहायलाच बसलो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. चहा-बनमस्का झाल्यावर चालत हॉर्निमन सर्कल. इथं पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' नावाचं मैदान होतं आणि त्यावर 1776 साली इंग्रजांनी मुंबईतलं पहिलं नाट्यगृह बांधलं. ते कर्जात बुडालं आणि 1835 मध्ये त्याचा लिलाव झाला. घेणारे जमशेटजी जीजीभॉय. म्हणजे थिएटर तोट्यात आणि खालची जागा मोलाची, ही गोष्ट मल्टिप्लेक्सच्या जमान्यातली नाही. पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

तिथून काळा घोडा. वॉटसन हॉटेलची ती लोखंडी सांगाड्याची इमारत रस्त्यावरूनच बघितली. 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंच्या माणसानं इथं हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया, त्या काळी मजुराच्या ऐपतीबाहेरचं. आठवड्याभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथं चार आण्यांचंही तिकीट निघालं. सिनेमा इथं साहेबाच्या हॉटेलात जन्मला खरा, पण रांगायला लागला तो चार आण्यांवर.

आता आमच्या सांगली जिल्ह्याचा संबंध. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे हार-तुरे होतातच. पण पुढचं कमी सांगितलं जातं. आश्रय देणारे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन 1851 मध्ये वारले, संस्थानची मदत आटली आणि भाव्यांना पोटासाठी मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. राजाच्या मर्जीवर चालणारं मराठी नाटक लोकांच्या पैशावर उभं राहायला लागलं ते असं.

हे ग्रँट रोड थिएटर 1846 चं. जागा नाना शंकरशेट यांनी दिलेली. तेव्हा ग्रँट रोड म्हणजे फोर्टातल्या साहेबांना गावाबाहेरचा भाग. ते तिथवर यायला नाखूश. साहेब आला नाही म्हणूनच ती जागा पारशी, गुजराती, मराठी नाटकवाल्यांच्या हाती लागली. माझ्या मते ही मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातली सगळ्यात फायद्याची गैरहजेरी आहे! पुढं त्या भागात इतकी थिएटरं झाली की 'प्ले हाऊस'चं लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झालं. आमचा एक मित्र तिथं पोचल्यावर बराच वेळ पिवळी इमारत शोधत होता. नाना शंकरशेट यांच्या त्या थिएटरची खूण सांगणारी पाटी मात्र आम्हाला कुठं दिसली नाही.

गिरगावात कोरोनेशन सिनेमा होता, तोही आता नाही. 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' तिथंच लागला. हा सिनेमा तयार झाला दादरला. त्या वेळी दादर म्हणजे विरळ वस्तीचं उपनगर. तिथल्या बंगल्यात फाळक्यांनी स्टुडिओ थाटला, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, वर फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. आज त्या रस्त्याला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. 1929 चा चंदुलाल शहांचा रणजित स्टुडिओही याच रस्त्यावरचा. आता तिथून चालताना डोळ्यांत भरतात त्या टोलेजंग इमारती.

दुपारी पेडर रोडला गुलशन महालातलं सिनेमा संग्रहालय बघितलं. 2019 ला सुरू झालंय. जरूर बघा, सोमवारी बंद असतं.

परळ-लालबाग माझ्या मनात जास्त रेंगाळलं. 1942 मध्ये कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी इथं राजकमल उभारला, वाडिया मूव्हीटोनच्या जागेत. आजूबाजूला गिरण्या. घाट आणि कोकणातनं आलेला गिरणी कामगार रात्री तमाशाला जायचा, भजनाला बसायचा, कामगार रंगभूमीवर स्वतः नाटकं करायचा. लालबागचं न्यू हनुमान थिएटर म्हणजे तमाशा फडांची हक्काची जागा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसांची चूल विझली, हे आपण वाचलंय. पण त्याबरोबर एक अख्खा प्रेक्षक गावाकडं परतला, याची नोंद कुणी ठेवली? आमच्या खानापूर, आटपाडी, तासगावच्या कितीतरी घरांत तो प्रेक्षक आजही आहे. म्हातारा झालाय. फडाची, गायकाची नावं विचारा, डोळे मिटून सांगतो.

संध्याकाळी मित्रांच्या हट्टानं वांद्र्याला बँडस्टँडवर गेलो. शाहरुखच्या बंगल्यासमोर दीडशे-दोनशे लोक भिंतीबरोबर सेल्फी काढत होते. आम्हीही काढला, खोटं कशाला बोलू. पण तिथून आठ-दहा स्टेशनं पुढं मालाडला हिमांशू राय आणि देविकाराणींनी 1934 मध्ये बॉम्बे टॉकीज काढलं, त्या जागेवर आता लघुउद्योगांचे गाळे आहेत. 'अछूत कन्या' तिथली, 'किस्मत'ही तिथलाच. तिकडं सेल्फीला कोण जाणार?

चेंबूरला वेळेअभावी गेलो नाही. तसं बघायला उरलंही नाही फारसं. राज कपूर यांनी 1948 मध्ये आर. के. स्टुडिओ उभारला तेव्हा चेंबूर गावाबाहेर. 2017 मध्ये आग लागली, 2019 मध्ये जागा गोदरेज प्रॉपर्टीजकडं गेली. कुटुंबाला दोष देत नाही. शूटिंगच्या भाड्यात तेवढी जमीन सांभाळणं परवडत नाही, हा साधा हिशोब आहे. म्हणूनच तर 1977 मध्ये सरकारनं गोरेगावला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला चित्रनगरी काढली. पाचशे एकरांहून जास्त जागा. तिथंही आधीपासून आदिवासी पाडे होतेच. सरकारी जागा असल्यामुळं ती अजून टिकली आहे. खासगीत त्याच्याही पुढं कर्जतला 2005 मध्ये नितीन देसाईंचा स्टुडिओ झाला, तोही कर्जाच्या फेऱ्यात सापडला.

रात्री परतीच्या गाडीत या सगळ्यावर बोलणं झालं आणि गाडी शेवटी आपल्या गावावर आलीच. आमच्या गावात वेशीबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा, जत्रेत त्याच पटांगणावर तमाशाची कनात लागायची. आता ते पटांगण गावाच्या मध्यात आलंय. शहर विकास आराखड्यात त्यावर नाट्यगृहाचं आरक्षण आहे. नाट्यगृह बाजूलाच, तिथं व्यापारी गाळे बांधायचं चाललंय असं ऐकतो. गाळ्यांचं भाडं येईल, नाट्यगृहाचं वीजबिल येईल, असं एका सदस्यानं मला तोंडावर सांगितलं. हिशोब तोच, 1835 चा.

तर मित्रहो, या आरक्षणाचं नेमकं काय झालं, ठराव कधी झाला, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी टाकतोय. उत्तर आलं की इथंच टाकेन. त्या पटांगणावरच्या तंबूचे, कनातीचे, नाटकाचे जुने फोटो किंवा तिकिटं कुणाच्या घरी असतील तर मला पाठवा. कोणत्या साली, कुणाचा फड, तेवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.