रुमानियन भाषेचें कूळ

इ. स. १०६ मध्यें रोमन सम्राट ट्रेजन यानें डेसिया जिंकला. पुढें तिसऱ्या शतकांत ऑरेलियननें तेथील सैन्य काढून घेतलें. राज्य गेलें, पण लॅटिन बोली लोकांच्या मुखीं राहिली. तीच रुमानियन भाषेची जननी. ती डॅन्यूबच्या कोणत्या तीरीं वाढली, हा पंडितांचा वाद मात्र अद्यापि मिटलेला नाहीं.

या भाषेंतील सर्वांत जुना ज्ञात लेख म्हणजे तुर्कांच्या हालचालींची सूचना देणारें, १५२१ सालीं न्याक्शूनें ब्राशोव्हच्या नगराधिकाऱ्यास धाडलेलें पत्र. लिपि सिरिलिक, मायना स्लाव्ह भाषेंत. पण संकटाची वार्ता मायबोलींत! १६८८ सालीं बुखारेस्ट येथें संपूर्ण बायबलाचें भाषांतर छापलें गेलें. मायबोली निकडीच्या वेळीं जगते आणि भाषांतरकारांच्या कष्टांनीं मोठी होते, असें आम्हांस वाटतें.